दिवे लागल्यावर

गेल्या दिवाळीत माझा पुण्याचा धाकटा मावसभाऊ चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होता. भाऊबीजेच्या संध्याकाळी तो फराळाची बशी मांडीवर घेऊन ओटीवर बसला होता आणि मी वाचनालयाच्या किल्ल्या घेऊन सायकल बाहेर काढीत होतो.

"दादा, सणासुदीचं कुठं निघालास?" त्याने विचारले.

"खुर्च्या मांडायला. उद्या सिनेमा आहे वाचनालयात."

तो हसला. खिशातून मोबाइल काढून त्याने माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही वर्षभरात जेवढे सिनेमे दाखवता, त्याच्या शंभरपट ह्यात आहेत. हवा तेव्हा लावावा, नको तेव्हा बंद करावा. त्या लोखंडी खुर्चीवर दोन तास पाठ मोडून घ्यायची ती कशासाठी?"

चकलीचा तुकडा मोडता मोडता सहज विचारलेला प्रश्न. त्यात खोच नव्हती. परंतु मला त्याचे उत्तर देता आले नाही. "आवड एकेकाची," असे काहीतरी पुटपुटून मी निघालो. तो प्रश्न मात्र सायकलीच्या कॅरियरवर बसून वाचनालयापर्यंत आला आणि पुढे वर्षभर काही उतरला नाही. संपादकांनी यंदा 'चित्रपटांविषयी काही लिहा' असे कळवले, तेव्हा दुसरे काही सुचेना. म्हणून हे उत्तर. मावसभावाला एक वर्ष उशिरा मिळत आहे, एवढेच.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार किती, हेही आधीच सांगून टाकलेले बरे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्या गेल्या आणि आमच्या वाचनालयात तरी वाचल्या जातात. सिनेमाचे शास्त्र मी कोठेही शिकलेलो नाही. मात्र गेली बारा-तेरा वर्षे महिन्यातून एका रविवारी मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, यंत्राशेजारी उभा राहून सिनेमे पाहिले आहेत. तिथून पडदा दिसतो तसाच प्रेक्षकांच्या पाठीही दिसतात. मी जे काही सांगणार आहे ते बरेचसे त्या पाठींकडे पाहून शिकलेले आहे.

आमचे सभागृह म्हणजे वाचनालयाचा वरचा मजला. व्याख्याने, वक्तृत्वस्पर्धा, बायकांचे भजनी मंडळ, हळदीकुंकू, एखाद्या मुलीला दाखवण्याचा कार्यक्रम, सगळे तिथेच. शंभराच्या आसपास खुर्च्या आणि पुढे मुलांसाठी दोन सतरंज्या. सिनेमाच्या दिवशी खिडक्यांना घोंगड्या बांधायच्या. पंख्यांचा आवाज संवादांवर चढतो म्हणून शांत प्रसंग आला की पंखे बंद करायचे. प्रसंग संपला की पुन्हा लावायचे. हे काम माझे. पडदा आमच्याच शिंप्याने दोन पनांचे कापड जोडून शिवून दिला आहे. त्यामुळे मधोमध एक उभी शिवण आहे, आणि पडद्याच्या मध्ये जो कोणी येतो त्याच्या नाकावरून ती जाते. नवख्या माणसाला दहा मिनिटे ती खुपते. मग दिसेनाशी होते.

हे वेड आमच्या गावाने काढलेले नव्हे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे लोकांनी प्रथम पाहिली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पुढे सिनेमा तंबूत शिरला आणि जत्रोजत्री हिंडू लागला. परंतु काही लोकांनी एकत्र यावे, विचारपूर्वक सिनेमा निवडावा, तो पाहावा आणि पाहून झाल्यावर त्यावर बोलावे, ही चाल आपल्याकडे रुजली ती मुख्यतः १९४७ नंतर. त्या वर्षी कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त वगैरे मंडळींनी फिल्म सोसायटी काढली. १९५९ साली देशातल्या अशा सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. त्या काळी रिळांचे डबे आणावे लागत, जपावे लागत आणि वेळेवर परत करावे लागत. आता अख्खा सिनेमा करंगळीएवढ्या पेटीत मावतो. तेव्हा सिनेमा मिळणे हेच कठीण होते. म्हणून दुर्मिळ सिनेमा मिळवून दाखवणे एवढेच काम सोसायटीला पुरेसे होते. आज ती अडचण उरलेली नाही. मावसभाऊ म्हणतो त्यात म्हणून तथ्य आहे. सिनेमा पाहायला मिळावा यासाठी आता कोणालाही आमच्या जिन्याच्या बावीस पायऱ्या चढण्याची गरज नाही.

मग त्या पायऱ्या कशासाठी चढायच्या? याचे उत्तर मला तीन सिनेमांनी तीन वेळा दिले. ते तीन दिवस सांगतो.

पहिला दिवस आषाढी एकादशीचा. आम्ही प्रभातचा 'संत तुकाराम' लावला होता. दामले-फत्तेलालांचा १९३६ सालचा हा सिनेमा. १९३७ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आपल्या घराघरांत इतका ठसलेला आहे की खरे तुकोबा तसेच दिसत असतील, अशी पुष्कळांची समजूत आहे. मीही लहानपणापासून हा सिनेमा दूरदर्शनवर पाहिलेला, आणि प्रत्येक वेळी पागनिसांच्या चेहऱ्याकडेच पाहिलेला.

त्या दिवशी सभागृहात निम्म्याहून अधिक बायका होत्या. आवलीचा तो प्रसंग आला. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा देवाच्या नादी लागलेला. ती चवताळते आणि पायातली वहाण हातात घेऊन थेट देवाला जाब विचारायला देवळात जाते. दिवस एकादशीचा. समोर माळकरी मंडळी बसलेली. कोणाच्या भावना दुखावतील की काय, असे मला वाटून गेले. झाले ते निराळेच. बायकांच्या बाजूने हशा उठला. मोकळा, मोठा, घरात सहसा ऐकू न येणारा. आणि मग तो हशा हळूहळू विरून सगळ्या गप्प झाल्या. पुरुषांच्या बाजूला हशाही नव्हता आणि ती शांतताही नव्हती. तिकडे फक्त खाकरणे ऐकू आले.

शेवटी विमान येते, तुकोबा वैकुंठाला जातात आणि आवली मागे राहते. दिवे लागले. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी होती. द्रोण हातात देताना शेजारच्या आळीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "विमानात तिलाही जागा होती हो मास्तर. पण म्हशीचं दूध कोण काढणार?"

'संत तुकाराम'वर मी बरेच वाचले आहे. त्यातला साधेपणा, भक्तिरस, पागनिसांची तल्लीनता. आजींचे वाक्य मला कोठे वाचायला मिळाले नव्हते. तरीही ते सिनेमात आहेच. आवली कजाग म्हणून आपल्या कीर्तनांतून हसण्याची धनी झालेली बाई. दिग्दर्शकांनी तिला हसण्यावारी नेलेले नाही. गौरी या नटीने ती अशी उभी केली आहे की तिच्या शिव्यांमागचे घर दिसते, चूल दिसते, म्हैस दिसते. तुकोबांचे पाय जमिनीवर टेकत नाहीत, ते टेकलेले राहतात ते आवलीमुळे. सिनेमाचा तोल तिच्या हातात आहे. हे मला इतकी वर्षे दिसले नाही, कारण मी एकटा पाहत होतो, आणि एकटा पुरुष म्हणून पाहत होतो. चाळीस बायकांच्या हशाने आणि शांततेने माझी नजर पागनिसांवरून हलवून गौरीवर नेली. उत्तम समीक्षक याहून वेगळे काय करतो?

दुसरा दिवस 'पथेर पांचाली'चा. १९५५ सालचा हा सिनेमा बंगालीत; खालची अक्षरे इंग्रजीत. आमच्याकडे अशा वेळी कोणीतरी बाजूला उभे राहून मराठीत सांगत जायचे, अशी पद्धत आहे. ते काम त्या दिवशी मी करत होतो. हरिहर, सर्वजया, दुर्गा, अपू. पहिल्या अर्ध्या तासात ही माणसे आमच्या आळीतली झाली. दुर्गा तापाने जाते. त्यानंतर परगावी गेलेला हरिहर परततो. त्याला काही ठाऊक नाही. पोरीसाठी आणलेली साडी तो सर्वजयेपुढे धरतो, आणि तिचा बांध फुटतो. रायांनी तिथे तिचा हंबरडा ऐकवलेला नाही. तिच्या उघड्या तोंडातून तारशहनाईचा सूर येतो. मी भाषांतर करायला तोंड उघडले होते ते तसेच मिटले. तिथे सांगण्यासारखे काही नव्हते. पंखे बंद होते. सतरंजीवरची पोरेसुद्धा हलली नाहीत.

परंतु मला सांगायचे आहे ते याच्या आधीच्या एका प्रसंगाविषयी. इंदिर ठाकरूण ही त्या घरातली म्हातारी आत्या. चुनीबाला देवी या वृद्ध नटीने ती केली आहे. पाठीला बाक, अंगावर विटके वस्त्र, हातात आपले चारदोन जिन्नस. सर्वजया दुष्ट नाही. घरात दोन वेळचे पुरत नाही, त्यात हे एक जास्तीचे तोंड. शेवटी म्हातारी आजारी होऊन आसऱ्याला परत येते, तेव्हा सर्वजया तिला ठेवून घेत नाही. आणि म्हातारी बांबूच्या बनात मरते. मुलांना ती तशी सापडते.

माझी आत्या शेवटची तीन वर्षे आमच्या घरी होती. मागल्या खोलीत. तिची कपबशी वेगळी होती. कान फुटलेली. ती कपबशी वेगळी का होती, याचे कारण आज मला आठवत नाही. त्या वेळीही नीट ठाऊक नव्हते. आमच्या आळीतल्या सगळ्यांनी ती पाहिलेली होती. कारण आत्या दुपारी ती घेऊन मागल्या पायरीवर बसत असे.

सिनेमा संपला. मी दिवे लावले. माझी पत्नी तिसऱ्या रांगेत होती, तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. समोरच्या घरातल्या काकूंनीही पाहिले. कोणी काही बोलले नाही. काकूंच्या नजरेत दोष देणे नव्हते. त्यांच्याही घरात कधीकाळी अशी एक खोली होती. आम्ही खुर्च्या उचलल्या आणि घरी गेलो. रात्री पत्नी एवढेच म्हणाली, "आपल्याकडे निदान खायला होतं हो."

हा सिनेमा मी पुढे घरीही पाहिला आहे. इंदिर ठाकरूण तेव्हाही मेली आणि मला वाईटही वाटले. पण ते वाईट वाटणे माझ्यापुरते होते. बटण दाबले की संपणारे. सभागृहात माझ्या वाईट वाटण्याला साक्षीदार होते, आणि त्यांनी ती कपबशी पाहिलेली होती. मोठ्या शहरातल्या चित्रपटगृहात हजार माणसे एकत्र बसतात हे खरे. पण ती एकमेकांना ओळखत नाहीत. अंधारात सगळे सारखे आणि उजेडात सगळे परके. छोट्या गावच्या छोट्या सभागृहात अंधार संपला की ज्यांच्याकडे उद्या विरजण मागायचे, तीच माणसे समोर असतात. ही त्या जागेची अडचण आहे. मला वाटते, तिचे मोलही तेच आहे.

इथवरचे वाचून आमचे सभागृह म्हणजे मोठे पुण्यक्षेत्र आहे असा कोणाचा समज होईल. तो होऊ नये म्हणून तिसरा दिवस सांगितला पाहिजे. तो सांगताना मला संकोच वाटतो, आणि तो टाळून हा लेख लिहिता आला असता तर मी टाळला असता.

सिनेमा होता नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. तो चित्रपटगृहांत आला १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. आमच्याकडे मात्र पुष्कळ उशिरा, २०२२च्या हिवाळ्यात, साथीनंतर सभागृह पुन्हा उघडले तेव्हा लावला. कैकाडी कुटुंबातला शाळकरी जब्या. त्याला वर्गातली शालू आवडते. आणि त्याच्या बापाच्या, कचरूच्या वाट्याला गावातली डुकरे धरण्याचे काम येते. सोमनाथ अवघडेने जब्या केला आहे, किशोर कदमांनी कचरू. डुकराच्या मागे हे कुटुंब शाळेभोवती धावते आणि शाळेतली मुले कट्ट्यावर बसून मौज पाहतात. शालू पाहते आहे म्हणून जब्या लपत राहतो. एकदा डुक्कर अगदी हाताशी येते आणि नेमके त्याच वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी सावधान उभा राहतो. डुक्कर निघून जाते.

आमच्या सभागृहात त्या क्षणी चार माणसे उठून उभी राहिली, दहाबारा अर्धवट उठली, बाकीची बसून राहिली. उठलेल्यांनी बसलेल्यांकडे पाहिले, बसलेल्यांनी उठलेल्यांकडे. थोडा हशा झाला. पडद्यावरची जी पंचाईत, तीच खाली. दिग्दर्शकाने कल्पिले नसेल इतके ते दृश्य आमच्याकडे खरे झाले.

शेवटी डुक्कर धरले जाते. काठीला बांधून ते खांद्यावर वाहून नेतात, आणि ती मिरवणूक शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर थोर माणसांची चित्रे आहेत. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले. त्या चित्रांवरून ते डुक्कर आणि ती माणसे पुढे जातात. कोणी एक अक्षर बोलत नाही. मग टवाळखोर चिडवत राहतात, जब्याचा तोल जातो, तो दगड मारू लागतो, आणि शेवटचा दगड सरळ आपल्याकडे येतो. पडदा काळा.

मी दिवे लावले. कोणी बोलेना. ती शांतता चांगली होती, तिला तसेच ठेवायला हवे होते. पण आमच्याकडे सिनेमानंतर 'रसग्रहण' करण्याची प्रथा. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून खूण केली आणि मी व्यासपीठावर गेलो. मी बोललो. वीस मिनिटे बोललो. भिंतीच्या दृश्याची रचना कशी आहे, मागे स्थिर चेहरे आणि पुढे सरकणारी माणसे यांतून चौकट कशी भरली आहे, उभ्या-आडव्या रेषांचा तोल कसा साधला आहे. जे बोललो ते चूक नव्हते. ड्रॉइंग मास्तराला ते दिसायलाच हवे. टाळ्याही पडल्या.

सतरंज्या गुंडाळताना एक मुलगा जवळ आला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला, तेव्हा आठवीत होता. त्या वस्तीतून आमच्याकडे सिनेमाला येणारा तो एकटाच, आणि तोही यायचा तो माझ्या ओळखीने. कारण त्या वर्षी आमच्या शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर मी थोर पुरुषांची चित्रे काढली होती आणि रंगाचे डबे धरायला तो माझ्याबरोबर होता. बाबासाहेबांच्या कोटाचा निळा रंग त्यानेच भरला होता. हात स्थिर होता पोराचा.

त्याने विचारले, "सर, पिक्चरमधली ती भिंत तुम्हीच रंगवलीय का?"

त्याने खरेच विचारले होते की टोमणा मारला होता, हे मला आजही कळलेले नाही. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणालो, "नाही रे. ती त्यांची. आपली वेगळी."

तो "हां सर," म्हणाला आणि गेला. पुढल्या महिन्यात तो आला नाही. त्याच्या पुढल्याही महिन्यात नाही.

'आपली वेगळी' हे माझे उत्तर खोटे होते. आमच्या शाळेची भिंत वेगळी नाही. तिच्यावरून रोज काय काय वाहून नेले जाते, ते मी वर्गाच्या खिडकीतून पाहत असतो. कोणत्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात, हे मला ठाऊक आहे. समोर प्रश्न उभा असताना मी रेषांच्या तोलावर बोललो. पडद्यावरून आलेला दगड मी रचनेच्या चर्चेत झेलून बाजूला ठेवून दिला.

यंदा मे महिन्यात तो मुलगा मला एस.टी. स्टँडवर भेटला. मिसरूड फुटलेले, एका गॅरेजात कामाला लागलेला. मी म्हटले, "अरे, सिनेमाला येत नाहीस आता?" तो हसला. म्हणाला, "तो पिक्चर मी परत बघितला सर, मोबाइलवर. तिथं शेवटी कोणी भाषण करत नाही."

मावसभावाच्या प्रश्नाला मी जे उत्तर मनाशी जुळवत आणले होते, ते या एका वाक्याने निम्मे पडले. मोबाइलवर साक्षीदार नाहीत हे उणे आहे, असे मी म्हणत होतो. त्या मुलाच्या दृष्टीने मोबाइलवर मी नाही, हे अधिक आहे. आणि त्याचे म्हणणे खरे आहे. एकमेकांना ओळखणारी माणसे एका अंधारात बसवणे ही मोठी गोष्ट खरी. पण दिवे लागल्यावर काय करायचे, हे जर आम्हांला ठाऊक नसेल, तर त्या अंधाराचा उपयोग काय?

आता मी आमच्या, आणि आमच्यासारख्या अनेक छोट्या सभागृहांच्या रीतीविषयी स्पष्ट बोलतो. सिनेमापूर्वी आम्ही पंधरा मिनिटे प्रास्ताविक करतो. त्यात सिनेमाला कोणकोणती पारितोषिके मिळाली ते सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते की आता आपल्याला आवडले नाही तर चूक आपली. सिनेमानंतर जो बोलतो तो व्यासपीठावरून बोलतो, आणि तो बहुधा मास्तर असतो, वकील असतो, नाहीतर निवृत्त अधिकारी. बायका स्वयंपाकाच्या घाईने उठून जातात. आवलीविषयी ज्यांना खरे बोलायचे असते त्या जिन्यात बोलतात आणि ते कोणाच्या वहीत उतरत नाही. सभागृह वरच्या मजल्यावर, गावाच्या मधोमध, जिथे काहीजण सहज येतात आणि काहीजणांना बोलावल्याशिवाय येता येत नाही. 'सर्वांना मुक्त प्रवेश' अशी पाटी मीच सुबक अक्षरांत रंगवून लावली आहे. ओढ्यापलीकडे जाऊन मी ती कधी वाचून दाखवली नाही. मग ज्यांच्याविषयी सिनेमा, त्यांच्या गैरहजेरीत तो पाहून आम्ही हळहळतो आणि चहा पितो.

याहून निराळे करता येते, याचा दाखला आमच्या शेजारच्या राज्यात आहे. कर्नाटकात सागर तालुक्यात हेग्गोडु नावाचे खेडे आहे. तिथे १९४९ साली 'नीनासम' ही नाट्यसंस्था निघाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी ती वाढवली आणि १९७३ साली तिचे चित्रसमाज हे अंग सुरू केले. सुपारीच्या बागांच्या त्या मुलखात खेड्यातल्या माणसांपुढे त्यांनी जगातले नामांकित सिनेमे मांडले. हे आपल्यासाठी नव्हेच, असे खेडुताला परस्पर ठरवून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. सुब्बण्णांनी ती मोडली. १९९१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पुरस्कारापेक्षाही मला मोलाचा वाटतो तो त्यामागचा विश्वास. समोर बसलेल्याला सिनेमा कळतो. त्याला काय कळले ते आपण ऐकायचे आहे, असा तो विश्वास. आमच्या आजींच्या खिचडीच्या द्रोणाशेजारी उभे राहून मला हे अनायासे कळले होते, पण व्यासपीठावर चढताच मी ते विसरलो.

तेव्हा मावसभावा, तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर हे. सिनेमा तुझ्या मोबाइलवरही तोच आहे. कदाचित तिथे चित्र अधिक स्वच्छ दिसते आणि नाकावर शिवण येत नाही. आमच्याकडे जास्तीचे काही असेल तर ते दिवे लागल्यानंतरच्या दहा मिनिटांत आहे. ती दहा मिनिटे आम्ही नीट वापरली तर त्या खुर्चीवर पाठ मोडून घेण्यात अर्थ आहे. नाही वापरली, तर तुझे म्हणणे खरे, आणि त्या मुलाचे तर त्याहून खरे.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही 'फँड्री' पुन्हा लावतो आहोत. निर्मात्यांकडे परवानगीसाठी लिहिले आहे. या वेळी वाचनालयात नव्हे, शाळेच्या मैदानावर, दोन कडुलिंबांच्या मध्ये पडदा बांधून. तिथून ती भिंत दिसते. खुर्च्या नाहीत, सगळ्यांना सतरंजी. प्रास्ताविक नाही, रसग्रहण नाही. ध्वनिक्षेपक मागच्या बाजूला ठेवायचा आणि ज्याला बोलायचे असेल त्याने बसल्या जागेवरून बोलायचे. कोणी बोलले नाही तरी चालेल, असे मी समितीत सांगितले तेव्हा अध्यक्षांनी शंका काढली की मग लोकांना कार्यक्रम संपला हे कळणार कसे? मी म्हटले, नाहीच कळले तर थोडा वेळ बसून राहतील.

ओढ्यापलीकडे मी स्वतः जाऊन आलो. घरोघर सांगितले. गॅरेजातही गेलो. तो गाडीखाली होता. तिथूनच त्याने ऐकून घेतले. मी म्हटले, "त्या दिवशी तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं." पाना फिरवण्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "बघू सर, सुट्टी मिळाली तर."

मिळेल की नाही, मला माहीत नाही. मावसभाऊ यंदाही भाऊबीजेला येणार आहे. त्याला मी फराळ झाल्यावर सतरंज्या उचलायला बरोबर नेणार आहे.